घोणस चावून वाचले, पण अंगात ताकदच नाही? वाढीच्या हार्मोनची तपासणी कोणाला लागते, कशी होते

घोणस चावली, दवाखान्यात पंधरा-वीस दिवस गेले, किडनीवर परिणाम झाला म्हणून डायलिसिस झालं आणि माणूस वाचून घरी आला. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. पण वर्ष झालं तरी त्या माणसाच्या अंगात पहिल्यासारखी ताकद येत नाही. खुरप्याला बसला की तासाभरात दमतो, पोट सुटतं, हातापायाची काडी होते, दाढी विरळ होते, थंडी सहन होत नाही. गावात बोलणं सुरू होतं की सापाचं निमित्त करून आता कामच नको झालंय. टॉनिक होतं, सलाईन होतं, अंगारे-धुपारे होतात. डोक्यात मेंदूच्या खाली असलेली हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी बंद पडली असेल, हे मात्र कोणाच्या मनातही येत नाही.

त्या ग्रंथीचं नाव पीयूषिका. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. नाकाच्या मागं, कवटीच्या तळाला हाडाच्या एका खोलगट जागेत ती बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण अंगातल्या बाकीच्या ग्रंथींचा स्टार्टर तिच्याकडं आहे. थायरॉईडला हुकूम तीच देते, किडनीच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला तीच सांगते, बाईची पाळी आणि पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन तिच्याच हातात, बाळंतिणीचं दूध तिच्यामुळंच आणि वाढीचं हार्मोन म्हणजे ग्रोथ हार्मोनही ती स्वतः तयार करते.

वाढीचं हार्मोन म्हटलं की आपल्याला वाटतं ते लेकरांचं काम. उंची वाढली की संपलं. तसं नाही. मोठ्या माणसातही ते कमी प्रमाणात आयुष्यभर सुटत राहतं. चरबी जाळणं, स्नायू टिकवणं, हाडं मजबूत ठेवणं, रक्तातलं कोलेस्टेरॉल आवाक्यात ठेवणं ही कामं ते करतं. ते बंद पडलं की उंची कमी होत नाही, माणूस आतून ढिला पडतो. पोटावर चरबी, हातापायात जोर नाही, हाडं ठिसूळ, मन उदास, कशात उत्साह नाही.

आता अडचण अशी की ही लक्षणं कोणाला नसतात? आपल्या गावात थकवा म्हणणारे शंभर जण उभे केले तर बहुतेकांचं कारण रक्त कमी असणं, साखर, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, दारू नाहीतर झोप न होणं असंच काहीतरी निघेल. म्हणून थकवा आला की वाढीचं हार्मोन तपासा, असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. उलट सांगायचं हे आहे की ही तपासणी थोड्याच लोकांची करायची असते. पण त्या थोड्या लोकांची करायची राहून जाते.

कोणाला विचारायला हवं?

पुस्तकात पहिलं कारण पीयूषिकेची गाठ, तिचं ऑपरेशन किंवा डोक्याला दिलेले किरण हे असतं, आणि ते खरंही आहे. कायमचं डोकं दुखतं आणि दोन्ही बाजूंचं कडेचं दिसत नाही, म्हणजे रस्त्याने चालताना बाजूची गाडी नजरेत येत नाही, असं असेल तर एमआरआय लांबवू नका. पण आपल्याकडं आणखी तीन कारणं आहेत आणि ती शेतीवाडीशी, घरसंसाराशी बांधलेली आहेत.

पहिलं घोणस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार मोठे विषारी साप. घोणशीचं विष रक्तावर जातं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, मग गोठवणारा माल संपून रक्तस्त्राव सुरू होतो, रक्तदाब पडतो, किडनी मार खाते. त्याच तडाख्यात काहींची पीयूषिकाही मरते. ब्रह्मदेशातल्या शेतकऱ्यांमध्ये हे दिसल्याचा सविस्तर लेख १९८७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. भारतातल्या डॉक्टरांनीही असे पेशंट नोंदवले आहेत. घोणस चावलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. ज्यांची किडनी बिघडली, ज्यांना खूप रक्तस्त्राव झाला, त्यांच्यात शंका जास्त घ्यायची. कधी दवाखान्यात असतानाच रक्तदाब आणि साखर वर येत नाही, तर कधी काही महिन्यांनी, काही वर्षांनी हळूहळू कळतं.

दुसरं बाळंतपण. बाळंत होताना अतिरक्तस्त्राव झाला, बाई बेशुद्ध पडली, रक्ताच्या बाटल्या लावल्या, तर पीयूषिका सुकू शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरोल्ड शीहान या इंग्लिश डॉक्टरने १९३७ साली याचं वर्णन केलं. गरोदरपणात ही ग्रंथी फुगून मोठी होते, तिला जास्त रक्त लागतं आणि तिच्याकडं येणारं रक्त मुळातच कमी दाबाचं असतं. कॅनॉलच्या टेलच्या शेतकऱ्यासारखं समजा. वरून पाणी कमी झालं की पहिला कोरडा तोच पडतो. खूण सोपी आहे. बाळाला दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, काखेतले आणि खालचे केस गळले, चेहरा फिका पडला. आपल्याकडं यातलं दूध न येणं ‘नजर लागली’वर जातं आणि पाळी न येणं ‘बरंच झालं, कटकट गेली’वर. बाई दहा-दहा वर्षं तशीच कामं ओढते. काश्मीर खोऱ्यात केलेल्या आणि २००५ साली छापून आलेल्या एका पाहणीत, मूल झालेल्या वीस वर्षांवरच्या शंभर बायकांमागे साधारण तिघींना हा आजार असावा असा अंदाज निघाला आणि त्यातल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं घरी झालेली होती.

तिसरं कारण मोटारसायकलचा अपघात. डोक्याला जबर मार, काही दिवस कोमात, नंतर बरा झाला पण पहिला माणूस राहिला नाही, असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यातल्या काहींची ही ग्रंथी दुखावलेली असते.

शिवाय लहानपणी वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं घेतलेली मुलं. ती मोठी झाली की इंजेक्शन निदान महिनाभर बंद ठेवून पुन्हा तपासावं लागतं, कारण काहींची कमतरता पुढं राहत नाही.

आधी कॉर्टिसॉल, मग बाकी सगळं

हा भाग नीट वाचा, कारण जिवाशी गाठ इथं आहे. वाढीच्या हार्मोनअभावी माणूस एका रात्रीत मरत नाही. कॉर्टिसॉलअभावी मरतो. पीयूषिका बंद पडली असेल तर कॉर्टिसॉलही कमी असू शकतं. असा माणूस एरवी कसाबसा चालतो, पण साधा ताप, जुलाब किंवा दाताचं काम झालं की कोसळतो. उलट्या, रक्तदाब खाली, साखर खाली, बडबड, बेशुद्धी. वारंवार ‘अंगातलं मीठ कमी झालं’ म्हणून अॅडमिट होणारी, सलाईन घेऊन बरी होणारी आणि महिन्याभरात पुन्हा येणारी बाई असेल तर तिच्या बाळंतपणाचा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगा. सोडियम का कमी होतंय, याचं उत्तर कधी कधी वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात असतं.

म्हणून पहिली तपासणी सकाळी आठच्या सुमारास घेतलेलं कॉर्टिसॉल. वेळ महत्त्वाची, कारण ते सकाळी सगळ्यात जास्त असतं. दुपारी एसटीने उतरून दिलेल्या रक्ताचा उपयोग नाही. आकडा ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की, १५ च्या वर असेल तर बहुधा ठीक आणि मधला असेल तर आणखी एक इंजेक्शन देऊन तपासतात. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या, दम्याच्या किंवा अंगदुखीच्या स्टेरॉईडच्या गोळ्या कोणी घेत असेल तर ते लपवू नका. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं, त्याने कॉर्टिसॉलचा रिपोर्ट फसतो आणि ग्रंथीही झोपी जाते. आणि हे वाचून अशा गोळ्या एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे.

दुसरं थायरॉईड. आपल्या तालुक्याच्या लॅबमध्ये थायरॉईड म्हटलं की बहुतेक वेळा नुसता टीएसएच होतो. साध्या थायरॉईडच्या आजारात तो पुरतो. पण टीएसएच बनवते पीयूषिका. हुकूम देणाराच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो आणि प्रत्यक्षात थायरॉईडचं हार्मोन कमी असतं. म्हणून अशा पेशंटला सोबत फ्री टी-४ लागतोच. तो कमी निघाला तरी लगेच थायरॉईडची गोळी सुरू करायची नाही. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी दिली तर माणूस कोसळू शकतो. आधी कॉर्टिसॉलची गोळी, नंतर थायरॉईडची, हा क्रम डॉक्टरही पाळतात.

मग पुरुषात सकाळचं टेस्टोस्टेरॉन, बायकांत एफएसएच आणि एलएच, प्रोलॅक्टिन, सोडियम, साखर. एक गंमत सांगतो. पाळी कायमची गेलेल्या वयस्कर बाईचं एफएसएच भरपूर वाढलेलं असायला हवं. ते कमी निघालं तर पीयूषिका काम करत नाही, असा इशारा त्या एका साध्या आकड्यातून मिळतो. आणि शेवटी पीयूषिकेचा एमआरआय. शीहानच्या जुन्या पेशंटमध्ये ती जागा रिकामी झालेली दिसते.

वाढीचं हार्मोन असं सहज का मोजता येत नाही

आता मूळ मुद्दा. लॅबच्या पॅकेजमध्ये ग्रोथ हार्मोनची तपासणी मिळते. सकाळी रक्त द्या, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट. आकडा शून्याच्या जवळ येतो आणि घरात घबराट. मोठ्या माणसात त्या एका आकड्याला काडीचा अर्थ नाही.

का, ते आपल्या भाषेत सांगतो. वाढीचं हार्मोन सतत वाहत नाही. ते झटक्यात सुटतं, आणि मोठे झटके रात्री गाढ झोपेत येतात. शेतीच्या लाईटसारखं आहे हे. थ्री फेज रात्री असते तेव्हा मोटर रात्रीच चालते. दिवसा विहिरीवर जाऊन कोणी म्हणालं की पाईपातून पाणी पडत नाही म्हणजे मोटर जळाली, तर त्याला आपण काय म्हणू? दिवसा मोटर बंद असणारच. धडधाकट माणसाचाही दिवसाचा आकडा जवळपास शून्य येऊ शकतो.

मग रात्री मोटर चालली की नाही ते कसं बघायचं? टाकीतलं पाणी बघायचं. वाढीचं हार्मोन लिव्हरला सांगून आयजीएफ-१ नावाचा पदार्थ तयार करवतं. तो रक्तात दिवसभर बऱ्यापैकी एकसारखा असतो, म्हणून ही तपासणी उपयोगाची. पण टाकी दुसऱ्या कारणानेही रिकामी असू शकते. पोटभर सकस खाणं नाही, लिव्हर खराब, साखर हाताबाहेर, थायरॉईड कमी, गर्भनिरोधक गोळ्या चालू, अशा वेळीही आयजीएफ-१ कमी येतो. आणि उलट, टाकीत पाणी दिसलं म्हणजे मोटर शंभर टक्के ठीक असंही नाही, काही पेशंटमध्ये तो नॉर्मल असूनही कमतरता असते. शिवाय त्याचा नॉर्मल आकडा वयानुसार बदलतो. साठीच्या माणसाचा रिपोर्ट पंचविशीच्या आकड्याशी लावू नका.

एका ठिकाणी मात्र आयजीएफ-१ वर काम भागतं. पीयूषिकेची बाकीची तीन किंवा जास्त हार्मोन्स कमी आहेत, ग्रंथी बिघडण्याचं स्पष्ट कारण आहे आणि आयजीएफ-१ही वयाच्या मानाने कमी आहे, तर वाढीच्या हार्मोनची कमतरता धरून चालतात. पुढची महागडी, त्रासाची टेस्ट लागत नाही. शीहान आणि घोणशीचे बरेच पेशंट यात बसतात. म्हणून कोणी थेट मोठी टेस्ट सांगितली तर ‘आधीच्या रिपोर्टवर भागेल का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

बाकीच्यांसाठी मोटरला करंट देऊन बघावा लागतो. ग्रंथीला मुद्दाम डिवचायचं आणि ती किती हार्मोन सोडते ते मोजायचं. यातली जुनी, सगळ्यात भरवशाची मानलेली टेस्ट इन्सुलिनची. उपाशीपोटी शिरेतून इन्सुलिन देऊन साखर ४० च्या खाली आणतात आणि दीड-दोन तास ठरावीक वेळाने रक्त घेतात. साखर इतकी खाली गेली की निरोगी ग्रंथी जोरात हार्मोन सोडते. सगळ्यात वरचा आकडा ५ नॅनोग्रॅमच्या पुढं गेला नाही तर कमतरता धरतात. घाम, थरथर, घाबरं होणं हे यात होणारच. डॉक्टर शेजारी, ग्लुकोज तयार, अशा दवाखान्यातच ही टेस्ट होते. फिट येणाऱ्या, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या, गरोदर किंवा खूप वयस्कर पेशंटवर करत नाहीत. कोणी घरी इन्सुलिन टोचून बघायचा शहाणपणा करू नये, त्यात जीव जातो.

दुसरी ग्लुकागॉनची टेस्ट. स्नायूत एक इंजेक्शन आणि तीन-चार तास दर अर्ध्या तासाला रक्त. मळमळ, कधी उलटी होते, पण साखर तशी धोक्याच्या खाली पाडत नाहीत. इथं ३ नॅनोग्रॅमच्या खाली राहिलं तर कमतरता. लठ्ठ माणसात निरोगी ग्रंथीही कमीच हार्मोन सोडते, म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा १ धरतात. हे वजनाचं गणित न बघता दिलेला रिपोर्ट लठ्ठ माणसाला फुकटचा आजारी ठरवतो. लेकरांमध्ये वापरतात ती क्लोनिडिनची टेस्ट मोठ्या माणसांत भरवशाची नाही, तेही लक्षात असू द्या.

आणि या सगळ्याआधी कॉर्टिसॉल व थायरॉईड गोळ्यांनी जागेवर आणलेले हवेत. नाहीतर टेस्टचा निकालही चुकतो आणि धोकाही वाढतो.

निदान झालं, मग?

कॉर्टिसॉल आणि थायरॉईडच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि त्या सुटता कामा नयेत. बऱ्याच पेशंटला निम्मी-अधिक ताकद त्यावरच परत येते. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज झोपण्याआधी कातडीखाली घ्यावं लागतं, खर्च महिन्याला हजारोंमध्ये जातो. मोठ्या माणसाला ते दिलंच पाहिजे असं नाही. चरबी कमी होणं, हाडं सुधारणं, उत्साह येणं हा फायदा आहे. पण कॅन्सर चालू असेल तर देत नाहीत आणि साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. खिशाला परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यावाचून जीव अडत नाही. कॉर्टिसॉलवाचून अडतो.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हा परिच्छेद वाचावा. उंची वाढवायचं इंजेक्शन म्हणून हेच हार्मोन जिममध्ये, मोबाईलवर विकलं जातं. हाडांची टोकं एकदा जुळली की उंची सूतभरही वाढत नाही. अंगाला सूज, सांधे दुखणं, साखर वाढणं हे मात्र होतं आणि फार दिवस जास्त डोस घेतला तर हात, पाय, जबडा जाड होतो. शिवाय खेळाडूंसाठी ते बंदी असलेल्या औषधांत आहे. १९८५ पर्यंत हे औषध मेलेल्या माणसांच्या पीयूषिकेतून काढायचे, त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं कळल्यावर ते बंद झालं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं आलं. गंमत म्हणून टोचायची ही वस्तू नाही.

कुठं जायचं? या आजाराच्या डॉक्टरला एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात. तालुक्याला तो बहुधा नसतो. मुंबईच्या केईएममध्ये याचा स्वतंत्र विभाग आहे. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मेडिसिन विभागात आधी दाखवलं तर सुरुवातीच्या तपासण्या तिथं होतात. जनआरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, यातलं काय योजनेत बसतं ते त्याला विचारा. जाताना साप चावल्याचं किंवा बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड न्या, कितीही जुनं असलं तरी. कार्ड हरवलं असेल तर रक्त किती बाटल्या लावलं, डायलिसिस झालं का, दूध आलं होतं का, पाळी कधी थांबली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहून न्या. बाईला डॉक्टरसमोर पाळीचं, केस गळण्याचं बोलायला लाज वाटत असेल तर तोच कागद पुढं करायचा.

ज्याला कॉर्टिसॉलची गोळी कायमची लागली, त्याने खिशात एक चिठ्ठी ठेवावी: मला स्टेरॉईडची गोळी रोज लागते, बेशुद्ध सापडलो तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या. तापात डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

टेस्टच्या दिवशी उपाशी जायचं असतं. रोजच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या की नाही हे आदल्या भेटीतच विचारून ठेवा. आणि सोबत एक माणूस न्या. ग्लुकागॉनच्या टेस्टनंतर काही तासांनी साखर उतरू शकते, म्हणून तिथंच पोटभर खाऊन निघा आणि येताना मोटारसायकल दुसऱ्याला चालवू द्या.